बावीस वर्षे कपाटात पडलेली रात्र

१२ जानेवारी १९६३, शनिवारची रात्र. अमेरिकेच्या दक्षिण टोकाला मायामी नावाचे शहर आहे. त्या शहरातल्या ओव्हरटाऊन या काळ्या लोकांच्या वस्तीत 'हार्लेम स्क्वेअर क्लब' नावाचा एक क्लब होता. तिथे त्या रात्री सॅम कुक हा एकतीस वर्षांचा गायक गायला उभा राहिला. आरसीए व्हिक्टर या बड्या रेकॉर्ड कंपनीने मुद्दाम माणसे पाठवून मायक्रोफोन लावले होते. गायकासमोर माईक होता, तसा लोकांच्या अंगावरही होता. गाणे झाले, टेप भरली, कंपनीच्या कचेरीत पोचली. साहेब लोकांनी ती ऐकली आणि कपाटात ठेवून दिली.

ती टेप रेकॉर्ड होऊन बाजारात आली १९८५ साली. मध्ये बावीस वर्षे गेली होती. गायक तर १९६४ सालीच मरण पावला होता.

टेप खराब झाली होती म्हणावे, तर नाही. गायकाचा आवाज त्या दिवशी बसला होता म्हणावे, तर तेही नाही. कंपनीला वाटले की हे गाणे फार रांगडे आहे, फार खरखरीत आहे. यात लोक फारच ओरडतात. गोऱ्या घरांतल्या दिवाणखान्यात सॅम कुकच्या गोड आवाजाच्या रेकॉर्डी वाजत होत्या. तिथे ही रेकॉर्ड गेली तर गिऱ्हाईक बिचकेल, गायकाचे नाव खराब होईल, अशी ती भीती.

मायामीच्या क्लबातल्या गाण्याशी आमचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध असा, की धाराशिव जिल्ह्यातल्या कित्येक घरांत, फळीवर किंवा पत्र्याच्या पेटीत, अशाच एखाद्या रात्रीची कॅसेट पडलेली आहे. जयंतीच्या रात्री वस्तीत गायन पार्टी आलेली असते. कुणीतरी टेपरेकॉर्डर आणून भोंग्यापाशी ठेवतो आणि लाल बटण दाबतो. त्या कॅसेटीत गाणे कमी आणि गलका जास्त, असे घरची पोरे म्हणतात. मध्येच कुणाचे बाळ रडते. मध्येच बक्षीस देणाऱ्याचे नाव पुकारले जाते. ढोलकी एवढी मोठी, की पेटी ऐकूच येत नाही. मग बाजारातून स्टुडिओत भरलेली 'साफ' कॅसेट आणली जाते आणि घरची कॅसेट मागे पडते. कपाटात टेप ठेवणाऱ्या कंपनीचा कान आणि आपल्या पोरांचा कान, दोन्ही एकाच शाळेत शिकलेले!

आता या गायकाविषयी सांगू. सॅम कुकचा जन्म २२ जानेवारी १९३१ रोजी मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेल गावी झाला. ते राज्य कापसाचे. गुलामी कायद्याने संपून पासष्टएक वर्षे झाली होती, पण शेत गोऱ्याचे आणि राबणारा काळा, हे तसेच होते. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. १९३३ साली कुटुंब उत्तरेकडे शिकागोला गेले. आपल्याकडची माणसे गाव सोडून मुंबईच्या गिरणीत, रेल्वेत, गोदीत गेली, तसेच हे जाणे होते. पोटासाठी आणि मानासाठीही.

शिकागोत सॅम भावंडांबरोबर चर्चमध्ये गाऊ लागला. १९५० साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, 'सोल स्टिरर्स' या नावाजलेल्या धार्मिक गायन पार्टीत त्याला मुख्य गायकाची जागा मिळाली. काळ्या लोकांच्या चर्चमधले गाणे निवांत बसून ऐकायचे नसते. पुढचा एक ओळ टाकतो, मागचे ती उचलतात, बाकावर बसलेली बाई मध्येच हाक देते, टाळ्या वाढतात, एखादीला भरून येते, ती उठून उभी राहते. ज्याने झीलकऱ्यांसह गायलेला जलसा ऐकला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. म्होरक्या आणि झीलकरी, हाक आणि साद. समुद्रापलीकडच्या दोन दुबळ्या समाजांनी एकमेकांना न विचारता हीच पद्धत धरली.

१९५७ साली सॅमने देवाची गाणी सोडून प्रेमाची गाणी धरली. त्याआधी एक रेकॉर्ड त्याने 'डेल कुक' असे खोटे नाव लावून काढली होती, पण आवाज कुठे लपतो? चर्चचे लोक रागावले. त्याच वर्षी आलेले 'यू सेंड मी' हे गाणे मात्र काळ्या आणि गोऱ्या, दोन्ही बाजारांत पहिल्या क्रमांकाला गेले. या गाण्याच्या जातीला पुढे 'सोल' म्हणू लागले. सोल म्हणजे आत्मा. बौद्ध घरात आत्म्याला जागा नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण इथे तो शब्द त्या लोकांनी आपल्या जिवाच्या तळमळीला दिलेला आहे, तेवढ्यापुरता घ्यावा.

आमच्या मते यातली गंमत निराळीच आहे. सोल गाण्याने चर्चच्या गाण्याचे अंग तसेच ठेवले, हाक-साद तीच, टाळी तीच. फक्त देवाच्या जागी हाडामासाचे माणूस आणून बसवले. आपल्या जलशानेही तेच केले. तमाशाचे अंग, ढोलकी, बतावणी, सवाल-जवाब ठेवले, आणि गण-गवळणीच्या जागी माणसाच्या हक्काचा विषय आणून बसवला. सत्यशोधकांनी ती वाट पाडली आणि आंबेडकरी जलशांनी ती रुंद केली. लोकांना नवे सांगायचे तर त्यांच्या अंगवळणी पडलेल्या चालीतच सांगावे लागते, हे दोन्हीकडच्या कलावंतांना उमगले होते.

ओव्हरटाऊन वस्ती कशी होती? मायामी शहर १८९६ साली स्थापन झाले. रेल्वे घालायला, हॉटेले बांधायला आलेल्या काळ्या मजुरांनी शहर उभे केले, आणि त्यांना रुळांपलीकडे वेगळा तुकडा राहायला दिला गेला. त्या तुकड्याचे नावच मुळी 'कलर्ड टाऊन' होते. गावकुसाबाहेरचा महारवाडा इंग्रजीत लिहिला तर असाच लिहिला जाईल. समुद्राकाठच्या आलिशान हॉटेलांत काळे गायक गाऊ शकत, पण रात्री त्याच हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे. गाणे संपले की पूल ओलांडून ओव्हरटाऊनला यायचे. त्यामुळे झाले असे, की देशातले मोठमोठे काळे कलावंत गोऱ्यांसाठी एकदा गात आणि मग आपल्या वस्तीत येऊन मध्यरात्रीनंतर आपल्या लोकांसाठी पुन्हा गात. लोक त्या रस्त्याला 'लिटल ब्रॉडवे' म्हणत. क्लबाला हार्लेमचे नाव दिले तेही उगीच नव्हे. हार्लेम ही न्यूयॉर्कमधली काळ्यांची नामांकित वस्ती. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याला लागूनच ती आहे. त्या वर्षांत ती नुकती कुठे काळ्यांची वस्ती होऊ लागली होती.

आता त्या रात्रीकडे वळू. रेकॉर्ड सदतीस-अडतीस मिनिटांची आहे. किंग कर्टिस हा सॅक्सोफोन वाजवणारा साथीला आहे. सॅक्सोफोन म्हणजे लग्नाच्या बँडमधली ती वाकडी पितळी तुतारी, असे ढोबळपणे समजावे. दोन गिटार, बास, ड्रम, पियानो. गायकाचा आवाज पहिल्या गाण्यापासूनच खरखरतो. स्टुडिओत मधात बुडवून काढलेला हा गळा इथे घाम गाळताना ऐकू येतो. एका गाण्यात तो लोकांना खिशातले हातरुमाल काढून फिरवायला सांगतो. आपण ते पाहू शकत नाही, पण सभागृह कसे उठले ते कानाला कळते.

'चेन गँग' नावाचे गाणे नीट ऐकावे. चेन गँग म्हणजे पायात साखळदंड घालून रस्त्यावर दगड फोडायला लावलेल्या कैद्यांची टोळी. दक्षिणेत अशा टोळ्यांत काळे कैदीच जास्त असत. गाण्याच्या दौऱ्यावर असताना सॅमने अशी टोळी पाहिली आणि गाणे केले. १९६० साली ते फार गाजले. मूळ रेकॉर्डमध्ये कैद्यांचे हुंकार आणि घणाचा आवाज अगदी टापटीप आहे, जणू घण रेशमात गुंडाळला आहे. मायामीत तेच हुंकार जाडेभरडे होतात आणि गाणे धावत सुटते. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात ज्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, त्यांना हुंकाराचा उपयोग सांगायला नको. घण उचलताना श्वास आत, घालताना बाहेर. त्या श्वासावरच कामाचे गाणे उभे राहते. ज्याने खडी फोडली आहे त्याला कुठला हुंकार खरा आणि कुठला रंगवलेला, हे एका क्षणात कळेल.

दुसरे गाणे 'ब्रिंग इट ऑन होम टू मी'. हे गाणे १९६२ सालचे. आशय साधा आहे. सोडून गेलेल्या प्रेयसीने परत यावे, ही विनवणी. स्टुडिओत गाताना लू रॉल्स या गायकमित्राने मागून साद दिली होती. गाणाऱ्याने हाक द्यायची, एकाने होकार भरायचा. मायामीत होकार सारा क्लब भरतो. सॅम आधी बराच वेळ अर्धे बोलतो, अर्धे गातो, आपल्या जुन्या गाण्याचा तुकडा घोळवतो, लोकांना तंगवतो आणि मग एकदम मूळ गाण्यावर येतो. पुढे तो एक हुंकार टाकतो, लोक तो परत फेकतात. पुन्हा टाकतो, पुन्हा येतो. इथे गायक कोण आणि श्रोता कोण? कंपनीच्या साहेबांना जो गोंगाट वाटला, तो गाण्याचा अर्धा भाग होता. तो काढला तर गाणे लंगडे होते.

साहेबांचा हिशेब धंद्यातसुद्धा चुकलेलाच होता. त्याच हिवाळ्यात, २४ ऑक्टोबर १९६२ रोजी, जेम्स ब्राऊन या दुसऱ्या काळ्या गायकाने न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या अपोलो थिएटरातला आपला कार्यक्रम टेप केला. त्याच्या कंपनीच्या मालकाला ती कल्पना पसंत नव्हती. जेम्स ब्राऊनने स्वतःचे पैसे घातले. १९६३ मध्ये ती रेकॉर्ड आली, त्यातही बाया किंचाळताना ऐकू येतात, आणि ती धडाक्याने खपली.

मात्र सगळा दोष कंपनीवर टाकून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. सॅम कुकला स्वतःलाही गोऱ्यांच्या सभागृहाची ओढ होती. न्यूयॉर्कच्या कोपाकबाना या बड्या क्लबात १९५८ साली तो पडला होता, लोकांनी त्याला डोक्यावर घेतले नव्हते. ते त्याच्या मनात सलत होते. जुलै १९६४ मध्ये तो पुन्हा तिथे गेला, बेतीव कपड्यात, बेतीव गाणी घेऊन, आणि या वेळी जिंकला. ती रेकॉर्ड कंपनीने त्याच वर्षी बाजारात आणली. दोन्ही रेकॉर्डी एकामागून एक ऐकल्या तर हा एकच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही. कोपाचे गाणे खोटे, असे आम्ही म्हणणार नाही. माणसाला पोटही असते आणि जिद्दही असते. आपल्या प्रल्हाद शिंदे यांचेच पहा. त्यांच्या गळ्यातून निघालेली विठ्ठलाची गाणी साऱ्या महाराष्ट्राच्या घरात वाजली, आणि त्याच गळ्याने भीमगीतेही गायली. कुठल्या अंगणात कोणता आवाज चालतो, हे दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागलेल्या कलावंताला बरोबर कळते.

शिवाय हा गडी व्यवहाराला पक्का होता. आपल्या गाण्यांचे हक्क त्याने स्वतःच्या प्रकाशन कंपनीत ठेवले. जे. डब्ल्यू. अलेक्झांडर या सहकाऱ्याबरोबर 'एसएआर' ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढून इतर काळ्या गायकांच्या रेकॉर्डी केल्या. हे वाचताना आम्हाला आपले गीतकार आठवतात. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची गाणी गावोगावच्या गायकांच्या तोंडी गेली. पण आपल्याकडच्या कित्येक कॅसेटींवर गायकाचा फोटो मोठा असे आणि गीत लिहिणाऱ्याचे नाव शोधूनही सापडत नसे. गाणे समाजाचे झाले हे खरे, पण लिहिणाऱ्याच्या चुलीचे काय, हे विचारायला आपण कमी पडलो.

सॅम कुक मानाचाही पक्का होता. १९६१ साली मेंफिस शहरात काळ्या-गोऱ्यांना वेगवेगळे बसवणार असे कळताच त्याने गायला नकार दिला. ऑक्टोबर १९६३ मध्ये लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्ट शहरात खोली आधी राखून ठेवलेली असूनही हॉटेलने त्याला उभे केले नाही. त्याने तिथे आवाज चढवला म्हणून पोलिसांनी त्यालाच अटक केली. त्यानंतर तीन-चार महिन्यांत त्याने 'अ चेंज इज गॉना कम', म्हणजे बदल येणार, हे गाणे टेप केले. काळ्या लोकांच्या हक्कांच्या चळवळीने ते आपले मानले. ११ डिसेंबर १९६४ रोजी लॉस एंजेलिसच्या एका मोटेलमध्ये तिथल्या व्यवस्थापक बाईच्या गोळीने त्याचा मृत्यू झाला. वय तेहतीस. हे गाणे सुटी रेकॉर्ड म्हणून बाजारात आले ते त्यानंतर काही दिवसांनी. श्रीव्हपोर्टच्या महापौरांनी त्याच्या कुटुंबाची माफी मागितली ती २०१९ साली.

क्लबाची टेप पुन्हा हाती लागली ती १९८५ साली. ग्रेग गेलर हे कंपनीत जुन्या रेकॉर्डिंगांचे काम पाहत होते, त्यांनी ती बाहेर काढली. आज जाणकार लोक तिला जगातल्या उत्तम 'प्रत्यक्ष मैफिली'च्या रेकॉर्डींत गणतात. तरी जुना कान सहजासहजी मरत नाही. २००० साली कंपनीने सॅम कुकच्या गाण्यांचा एक मोठा संच काढला, त्यात याच टेपेचे नवे मिश्रण करताना लोकांचा आवाज खाली दाबला गेला आणि गायकाचा वर आणला. ऐकणाऱ्यांत त्यावरून दोन तट आहेत. काहींना वाद्ये आता स्पष्ट ऐकू येतात याचा आनंद आहे. आम्ही दोन्ही ऐकून पाहिल्या आणि आमचे मत १९८५ च्या बाजूने आहे. लोक खाली गेले की गायक एकटा पडतो.

ओव्हरटाऊनचे मात्र फार वाईट झाले. १९६० च्या दशकात सरकारने शहरातून मोठे द्रुतगती मार्ग काढले, ते नेमके या वस्तीच्या छातीवरून. घरे, दुकाने, क्लब पाडले गेले. जिथे चाळीसएक हजार माणसे राहत होती, तिथे सुमारे दहा हजार उरली. हार्लेम स्क्वेअर क्लबची इमारत आता नाही. १९१३ साली बांधलेले लिरिक थिएटर तेवढे दुरुस्त करून जतन केले आहे. त्या क्लबात त्या रात्री किती जीव होता, हे आज फक्त त्या टेपेत शिल्लक आहे.

फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब तिथे आले. निजामाचे राज्य होते. ती सभा कानांनी ऐकलेली पिढी आता जवळजवळ उरली नाही. नंतरच्या काळातल्या सभा, जलसे, जयंत्या, नामांतराच्या दिवसांतली गाणी यांच्या कॅसेटी मात्र उरल्या आहेत. कळंबला असतील, उमरग्याला असतील, परंड्याला असतील. कॅसेटीची फीत दमटपणाने बुरशी धरते, उन्हात तापून वाकते, स्पीकरच्या लोहचुंबकाशेजारी ठेवली तर आवाज पुसट होतो. वर्षानुवर्षे न वाजवलेली फीत एकदम लावू नये, आधी एकदा पुढे-मागे फिरवून सैल करावी. चालू टेपरेकॉर्डर कुणाकडे असेल तर त्याच्या हेडफोनच्या भोकातून वायर घेऊन ती संगणकावर उतरवता येते. हे काम घरातले कॉलेजचे पोर एका दुपारी करील. उतरवताना गलका कापू नका, एवढेच त्याला बजावून सांगा. आणि कॅसेटीवर गाव, साल, गायक, गीतकार आणि ढोलकीवाल्याचे नाव आजच लिहा. ते सांगणारी आजी अजून ओसरीत बसलेली आहे.

सॅम कुकची ती रेकॉर्ड मोबाईलवर सहज सापडते. शोधताना गायकाच्या नावापुढे हार्लेम स्क्वेअर क्लब आणि १९६३ असे टाकावे. इंग्रजी शब्द कळले नाहीत तरी हरकत नाही. 'ब्रिंग इट ऑन होम टू मी' आधी लावा, आवाज थोडा मोठा ठेवा, आणि गायकाऐवजी समोरच्या लोकांकडे कान द्या. मागच्या बाजूला कुठेतरी एक बाई आहे, ती प्रत्येक वेळी इतरांच्या किंचित आधीच ओरडते.